साल की रस

सीताबर्डीवरच्या दुकानदारानं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवता अडकवता बजावलं होतं, "आयएसओ वाढवला का नॉइज येते, बरं का!"

"मग आवाजानं वाघ पळून नाही का जाणार?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढचा प्रश्न गिळला आणि 400 चा आकडा निर्जळी एकादशीसारखा पाळायचं ठरवलं.

डिसेंबरची पहाट. उमरेड-कऱ्हांडल्यात, गोठणगाव गेटच्या आत जिप्सीत कुडकुडत होतो. सूर्य अजून अंथरुणातच. गाइड जय नावाच्या वाघाच्या गोष्टी सांगत होता: 2013 मध्ये नागझिऱ्याहून चालत इथं आला, अन् 2016 च्या एप्रिलनंतर कोणाला दिसलाच नाही. बोलता बोलता त्यानं माझा खांदा दाबला. "साहेब, वाघीण येऊन राह्यली. घ्या नं!"

घेतले. चाळीस फोटो! लेन्स 70-300 ची, पण 300 वर ती एफ 5.6 पेक्षा जास्त डोळा उघडत नाही. आयएसओ 400, म्हणून शटर 1/15 सेकंद उघडं. तेवढ्यात वाघीण चार पावलं चालली, जिप्सी हलली, मी तर थंडीनं आधीच हलत होतो. फोटोत वाघीण नाही. रस्त्यावर संत्र्याचा रस सांडलाय.

"मामा, 6400 ठेवायचा नं!" घरी फोटो पाहून भाच्यानं कपाळाला हात लावला. "सोळा पट. शटर 1/250 वर गेलं असतं."

"अन् नॉइज?"

"ते मुळात उजेड कमी असल्यानं येते. लग्नात नवरदेवाचा काका माइकवर पुटपुटला का डीजेवाला आवाज वाढवते. मग काकासोबत मागचा जनरेटरबी ऐकू येते. जनरेटर काय डीजेवाल्यानं लावला?"

एफ 2.8 ची लेन्स चौपट उजेड घेते, हेही त्यानंच सांगितलं. किंमत ऐकून बायको म्हणाली, "तेवढ्यात उमरेड रोडला प्लॉट बुक होते." विषय संपला.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. तीच लेन्स, 6400, काळीज घट्ट. वाघीण स्वच्छ उभी, मिशा मोजून घ्याव्यात. फक्त अंगभर संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे. फ्रेम करून दिवाणखान्यात लावली.

बायकोनं जवळ जाऊन, चष्मा वर करून पाहिलं.

"काऊन हो, हिला देवी आल्या होत्या काय?"