आधी ब्रेक की आधी रिंग?

जुन्या सायकलीच्या जीर्णोद्धाराबाबत दोन पंथ आढळतात. कारखान्यातून ज्या रूपात सायकल बाहेर पडली त्याच रूपात, त्याच रंगात आणि शक्य झाल्यास त्याच किरकिरीसह ती पुन्हा उभी राहावी, असे मूळनिष्ठ मानतात. तर सायकलीचा धर्म चालणे हा असून तो ज्या सुट्या भागाने पाळला जाईल तो भाग ग्राह्य धरावा, असे सुधारकांचे म्हणणे असते. 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या वादात महाराष्ट्राने एके काळी जेवढी शाई खर्च केली, तेवढे तेल या वादात सहज खर्च होऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्यात वादाचा विषय होते ती बहुधा काळी 'रोडस्टर', म्हणजे २८ इंची चाकांची, दणकट दांडीची आणि दोन पोती सरकी निमूटपणे वाहणारी सायकल. मग ती नॉटिंगहॅमची रॅले असो, आसनसोलची सेन-रॅले असो वा मद्रासजवळच्या अंबत्तूरची हर्क्युलस. तिचे ब्रेक तारेचे नसून दांड्यांचे असतात, म्हणजे मूठ दाबली की लोखंडी दांड्या ओढल्या जाऊन रबरी गुटके रिंगेला आतल्या बाजूने टेकतात. पावसात ओल्या पोलादी रिंगेवर हे ब्रेक सायकल थांबवत नाहीत, थांबण्याची विनंती करतात.

म्हणून सुधारक फक्त ब्रेक बदलायला निघतो, आणि येथेच त्याच्या विनाशाला प्रारंभ होतो. नवा ब्रेक रिंगेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, पण जुन्या रिंगेच्या कडा गोलसर असल्याने तो तिला धड पकडत नाही, सबब रिंग बदलावी लागते. नवी रिंग घेरात लहान, सबब टायर-ट्यूब बदलतात. जुन्या चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० आरे, तर नव्या रिंगेला बहुधा ३६ भोके, सबब हबही जातात. आणि जुन्या मुठी हँडलमध्येच गुंफलेल्या असल्याने अखेर हँडलही निरोप घेते. 'ओव्हरऑयलिंग'साठी, म्हणजे छर्रे काढून, धुऊन, नवे वंगण भरण्यासाठी आणलेल्या सायकलीची शेवटी फ्रेम आणि घंटी उरते.

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथाचा कणा म्हणजे रथ काय, की चाके म्हणजे रथ? हाच प्रश्न एखाद्या सायकल मिस्त्रीपुढे ठेवल्यास तो 'फ्रेम कोणाची?' एवढेच विचारून निकाल देईल, आणि तत्त्वज्ञानाचा बराच वेळ वाचेल.

मूळनिष्ठांची अडचण निराळी आहे. पुण्याच्या कर्वेनगरातील विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली सावलीत नांदतात. यवतमाळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मात्र चामडी सीट तडकते आणि पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते, की कित्येकांनी मडगार्डच काढून टाकलेले असते. शिवाय जाड सळ्यांचे कॅरिअर, दुधाच्या कॅनसाठी आकडे, दांडीवर लेकरासाठी छोटी सीट आणि टायरला घासून दिवा पेटवणारा, सायकल थांबताच अंधार करणारा डायनॅमो, हे सारे मागाहून आलेले. या सायकलीची मूळ अवस्था पुष्कळदा दुकानापासून घरापर्यंतच टिकलेली असावी. आणि भाग बदलल्याने ओळख बदलतेच असे नाही: यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील 'शकुंतला' या रेल्वेगाडीचे मँचेस्टरी वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निघून डिझेलचे आले, तेव्हा तिचे नाव बदलण्याची कोणालाही गरज वाटली नाही.

राहता राहिले चेनकव्हरवरचे नाव. सायकल आंदणात आलेली असल्यास त्यावर गावच्या पेंटरने पिवळ्या, किंचित तिरप्या अक्षरांत जावईबापूंचे नाव रंगवलेले असते. ते नॉटिंगहॅममध्ये रंगवलेले नसल्याने मूळनिष्ठांच्या मते खरवडण्यास पात्र ठरते आणि नव्या रंगाच्या आड येत असल्याने सुधारकांच्या मतेही. परंतु जावईबापूंच्या घरात पॉलिशपेपर हाती घेण्यास दोन्ही पंथांतला एकही विद्वान पुढे येत नाही.