मागच्या खोलीतली बार्शी लाइट

अहो वहिनी, रविवारी आमच्याकडून आवाज येत होता ना, ते भांडण नव्हतं. म्हणजे भांडणच होतं, पण वाटणीबिटणीचं नव्हे. ह्यांचे ते रेल्वेवाले मित्र जमले होते. पावणेतीन मिलिमीटरवरून दोन तास जुंपली होती! थांबा, हा कढीपत्ता घ्या आधी, मग सांगते.

ही मंडळी चिमुकल्या आगगाड्या करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कर्वे रस्त्यावर जोशींचं संग्रहालय आहे, तुम्ही नातवाला घेऊन गेला होतात. तसलंच, पण घरात. मला आपलं वाटायचं, रेल्वे म्हणजे रेल्वे. रूळ टाकायचे, गाडी सोडायची, झालं. पण नाही! आधी कोणती रेल्वे करायची ते ठरवायचं. कुठली, कोणत्या कंपनीची, कोणत्या सालातली. माझं स्थळ बघायला आले तेव्हा ह्यांच्या घरच्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

आता त्या पावणेतीन मिलिमीटरचं ऐका. आपली ब्रॉडगेज म्हणे जगात चांगलीच रुंद, १६७६ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १४३५. बाजारात तयार रूळ मिळतात ते त्यांच्या गाड्यांसाठी, मूळ मापाला ८७ नं भागून केलेले, १६.५ मिलिमीटरचे. त्याच मापात डेक्कन क्वीन करायची तर रूळ हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटरचे. म्हणजे पावणेतीन कमी! एक जण म्हणाला, चालतं हो, कोण फूटपट्टी घेऊन येणार आहे? दुसरे म्हणाले, मला दिसतं, मला रात्री झोप लागत नाही. ते दुसरे सत्तरीचे आहेत, तेव्हा झोपेचं कारण दुसरंही असेल. पण मी चहाचे कप उचलायला गेले आणि गप्प राहिले.

ह्यांनी केली आहे बार्शी लाइट. आठवते ना? कुर्डुवाडीहून बार्शीला जायची ती छोटी गाडी. पुढे फाटे फुटले, लातूर, पंढरपूर, मिरज. मला सांगितलं होतं, आजोळ बार्शीचं, लहानपणीची आठवण, म्हणून हीच करायची. मी पण विरघळले आणि मागची खोली दिली. मुलीचं लग्न झालंय, खोली रिकामीच होती. आता कळलं खरं कारण. बार्शी लाइटचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागा. पावणेनऊ! आणि बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो, तो आणखी लहान गाड्यांसाठी केलेला. पाव मिलिमीटरचा काय तो फरक. म्हणजे बघा, आजोळ जरा बाजूला आणि भागाकार आधी.

तरी मी आठवण खोटी म्हणत नाही. आठवण असतेच. पण ती खोलीच्या मापात बसावी लागते. ते झोप न लागणारे आहेत ना, त्यांचं गाव रत्नागिरीकडचं. त्यांना कोकण रेल्वेच हवी. आता पानवल नदीचा पूल साठ मीटरच्या वर उंच, त्याला ८७ नं भागलं तरी पाऊण मीटर होतो. तो एक वेळ होईल. पण करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा! भागाकार करून पंचाहत्तर मीटर. म्हणजे गाडी आत गेली की चहा करून यायचं, पिऊन व्हायचं, तरी ती आतच. त्यांच्या सौ. म्हणाल्या, अंधारच करायचा असेल तर घरातले दिवे घालवते, रूळ कशाला हवेत? म्हणून सगळे एखादं स्टेशन घेतात आणि बाकीचं पडद्यामागे ढकलतात. आमची कुर्डुवाडी-बार्शी ३५ किलोमीटरचीच, तरी हिशेबानं चारशे मीटर होते. मग काय, बार्शी गाव तेवढं आहे आणि कुर्डुवाडी कपाटामागे.

विलायतेतसुद्धा हेच. तिथे म्हणे जो तो ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या एखाद्या फाट्याचं शेवटचं स्टेशन करतो. हिरवी इंजिनं, धुराड्याला तांब्याची कड, एक फलाट, एक मालधक्का. मी विचारलं, त्या कंपनीत एवढं काय आहे? हे म्हणाले, देखणी आहे. त्यांचा मित्र म्हणाला, देखणी आहेच, पण तिच्या गाड्या दुकानात तयार मिळतात. मिळतात म्हणून लोक करतात आणि लोक करतात म्हणून दुकानदार आणखी काढतात. शिवाय फाट्याचं स्टेशन एका फळीवर मावतं. मला त्या मित्राचं पटलं. प्रेमबिम नंतर येत असावं, फळी आधी.

पण एक गोष्ट मात्र मजेची. आपल्या बार्शी लाइटची एक धाकटी बहीण विलायतेत होती आणि तिकडचे छंदी लोक तिच्यावर जीव टाकतात. स्टॅफर्डशरमध्ये, लीक आणि मॅनिफोल्ड नावाची. दोन्हींचा कर्ता एकच, कॅलथ्रॉप साहेब. १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीला इकडे आला. मोठी लाइन बार्शीला वळसा घालून गेली होती आणि बार्शी तर कापसाची पेठ. मग ह्यानं १८९७ मध्ये स्वतःची छोटी गाडी सुरू केली. प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टनच भार, म्हणजे रूळ हलका चालतो, खर्च कमी. मग तोच नमुना घेऊन १९०४ मध्ये तिकडे मॅनिफोल्डच्या खोऱ्यात. तिथल्या इंजिनांना भारतात शोभतील असले भले मोठे दिवे होते आणि डबे फिकट पिवळे! आणि त्या साहेबाचं डोकं आगगाडीवर थांबलं नाही. रोल्स-रॉइसमधले ते रोल्स आहेत ना, ते ह्याचे स्नेही. ते १९१० मध्ये विमान कोसळून गेले, तर ह्यानं पॅराशूट करायला घेतलं. अरबी घोडेही पाळायचा. बायकोचं काय होत असेल हो? मला आपली तिचीच काळजी वाटली.

तर त्या मॅनिफोल्डवर का जीव, ते विचारलं मी. तिच्याकडे इंजिनं दोन आणि प्रवासी डबे चार! तेरा किलोमीटरची लाइन, दुधाचा धंदा गेला आणि १९३४ मध्ये ती बंद पडली. म्हणजे एक माणूस जन्मात सगळी रेल्वे करू शकतो, एक डबाही न सोडता. ग्रेट वेस्टर्न कोण पुरी करणार? हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. माणसाला एकदा तरी काहीतरी पुरं झालेलं हवं असतं. नोकरीत ते कधी झालं नाही ह्यांचं, मला माहीत आहे.

आणि बंद पडलेली असली की फार सोयीचं. रोज नवा रंग नाही, नवं इंजिन नाही. बार्शी लाइटही आता मोठी लाइन झाली, लातूरची, मिरजेची, सगळी. म्हणून तर ह्यांचा जास्तच ओढा.

आता त्यातली खरी गंमत सांगते, पण बोलू नका कुठे. कंपनीची बार्शी लाइट सरकारनं १९५४ च्या जानेवारीत घेतली. ह्यांनी साल धरलंय कंपनीचं, त्याच्याही आधीचं. ह्यांचा जन्म छप्पनचा! म्हणजे ज्या गाडीत बसून आजोळी गेले, ती गाडी केलेलीच नाही. मी पकडलं तर म्हणाले, पाहिलेली केली की दादा येऊन चुका काढतो. दादा म्हणजे ह्यांचे थोरले मावसभाऊ, अजून बार्शीतच असतात, त्यांना स्टेशनावरचं लिंबाचं झाडसुद्धा आठवतं. मी म्हटलं, मग अमेरिकेतल्या त्या जॉन ॲलनसारखी सगळी मनानंच करा ना. त्यानं गोरी अँड डिफीटेड नावाची रेल्वे स्वतःच रचली, डोंगर-दऱ्यांसकट, चूक काढायला कुणाला जागाच नाही. (ती पुढे आगीत गेली बिचारी, १९७३ साली, तो वारल्यावर काही दिवसांतच.) तर हे चिडले. मनानं केलेली चालत नाही म्हणे, खरीच हवी. खरी हवी, पण कुणी पाहिलेली नको!

तुम्ही हसताय, पण तुमचं पाणी कुठे मुरतंय ते मला दिसतंय. भावोजी परवा दोन वेळा येऊन गेले मागच्या खोलीत. मिरजेचे ना ते? मिरजेला एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, ब्रॉड, मीटर आणि आमची छोटी. हे त्यांना डोळे मोठे करून तेच सांगत होते आणि भावोजी भिंत वावेनं मोजत होते. तिन्ही लाइनी म्हणजे तुमचं स्वयंपाकघर जाणार हो. लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे ठेवायच्या तर आत्ताच सांगा, नंतर माझ्याकडेही जागा राहणार नाही. ह्यांना आता कपाटामागची कुर्डुवाडी पुढे आणायची आहे.