जुन्या छायाचित्रांची रंगसनद : इच्छुकांस मार्गदर्शन

घरातील लोखंडी पेटीच्या तळाशी, शालू-शेल्यांच्या घड्यांखाली वर्षानुवर्षे नजरकैद भोगलेले विवाहसमारंभाचे रंगीत छायाचित्र स्कॅनरच्या काचेवर पालथे घालण्याचा संकल्प ज्या सद्गृहस्थाने सोडला असेल, त्याने प्रथम एवढे ध्यानी धरावे की, यंत्र आपल्या हाती रंग ठेवीत नाही, केवळ आकडे ठेवते. आणि त्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा दस्तऐवज म्हणजेच कलर प्रोफाइल. तांबडा २००, हिरवा ४०, निळा ६० एवढ्याने वधूच्या शालूचा डाळिंबी रंग शाबीत होत नाही. कोणत्या मुलखातले २००, याचा दाखला सोबत नसेल तर ते आकडे वारसदाखल्यावाचून मामलेदार कचेरीत उभ्या राहिलेल्या इसमासारखे, खरे असूनही बेदखल ठरतात.

हे दाखले सर्व यंत्रांस एकसारखे वाचता यावेत म्हणून १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट प्रभृती आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून रंगांच्या राज्यात कायदा आहे. अंमलबजावणी अर्थातच ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. आकड्यांना अर्थ देणारे रंगांचे मुलुख प्रामुख्याने तीन. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी तत्कालीन पडद्यांची कुवत पाहून आखलेला एसआरजीबी लहान, पण सर्वत्र मान्य. ॲडोबी आरजीबी, जो १९९८ हे साल बिरुदासारखे नावातच मिरवतो, त्याची सरहद्द हिरव्या-निळसर रंगांकडे अधिक पसरलेली. तिसरा प्रोफोटो, हे कोडॅकचे अपत्य. ब्रह्मदेवाने मानवी डोळ्यास जे रंग दिलेच नाहीत त्यांपैकीही काहींवर याने मालकी सांगितली आहे. महत्त्वाकांक्षी पुरुषास याचाच मोह पडतो; परंतु ८ बिटांच्या अवघ्या २५६ पायऱ्या एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात वाटल्या की मांडवावरच्या निरभ्र आकाशात पट्टे उमटू लागतात, म्हणून १६ बिटांची ऐपत नसणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये. कागदावरच्या सामान्य छायाचित्रास ॲडोबी आरजीबी बहुधा पुरून उरतो.

खरी मेख पुढेच आहे. संपादनाच्या प्रणालीत ‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ अशा दोन आज्ञा असतात. पहिलीने आकडे जसेच्या तसे राहून त्यांचा अर्थ पालटतो, म्हणजे चित्र डोळ्यांदेखत रंग बदलते. दुसरीने अर्थ शक्य तितका कायम राहून आकडे पालटतात. स्कॅनरने दिलेल्या बेवारस आकड्यांना आधी त्या स्कॅनरचेच प्रोफाइल ‘असाइन’ करावे आणि मगच ॲडोबी आरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करावे, हा क्रम ज्याने उलटा केला त्याच्या चित्रातील भटजींची कांती कावीळ झाल्यासारखी दिसली तरी त्याने ग्रहांस दोष देऊ नये. स्कॅनरचे प्रोफाइल तयार करण्यास आयटी८ नावाचे रंगपत्रक मिळते. कोडॅकच्या कागदाचे पत्रक फुजीच्या कागदास चालेलच असे नाही, कारण दोहोंतील रंगद्रव्ये वेगळी.

एवढी सारी शुचिता पाळूनही १९७०च्या दशकातील नवरदेव पडद्यावर आरक्त दिसला, तर ती लाली लज्जेची नसून, पेटीतल्या अंधारातही सायन रंगद्रव्य इतरांआधी विरले, त्याची समजावी. प्रोफाइल हे इमानी कारकुनासारखे आज कागदावर जे आहे तेच रुजू करते. लग्नाच्या दिवशी काय होते, याची साक्ष त्याच्याकडे मागणे गैर. ती साक्ष द्यायला नातेवाईक असतातच. थोरल्या जाऊबाई शालू डाळिंबी होता म्हणतील, आत्याबाई जांभळा म्हणतील, आणि ज्यांनी तो नेसला त्या आजी चहाचा कप खाली ठेवून, तो आपला नव्हताच, मामींचा होता, असा निकाल देतील. अशा प्रसंगी मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, प्रोफाइलसह, कुलूपबंद ठेवावा आणि दुरुस्त्या नकलेवर कराव्यात.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर धाडावयाची प्रत मात्र निमूटपणे एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करावी, कारण वाटेत दाखला गहाळ झाला तरी बिनदाखल्याचे चित्र याच मुलखातले समजण्याची वहिवाट आहे. तरीही आत्याबाईंचा आग्रह जांभळ्याचाच राहिला, तर दोष त्यांच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील ‘व्हिव्हिड’ सेटिंगचा की स्मृतीचा, या चौकशीच्या भरीस न पडता त्यांच्यापुरती जांभळी प्रत वेगळी काढून द्यावी, मात्र तिलाही प्रोफाइल जोडावयास विसरू नये.