कोट उतरवण्याचा मुहूर्त

देगलुरात थंडी गेली की नाही, हे आमच्या गल्लीत सरांच्या अंगाकडे बघून ठरतं. सर म्हणजे रिटायर हेडमास्तर. पण हा माणूस गल्लोगल्ली सापडतो. कुठं तो तलाठी असतो, कुठं स्टॅम्पव्हेंडर. त्याच्याकडे सूट दोनच. एक गडद निळा, लोकरी, हैदराबादेत शिवलेला. दुसरा बिस्किटी रंगाचा, चार खिशांचा सफारी. पहिल्यातून दुसऱ्यात कधी जायचं, हा त्याच्या वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय. बाकीचे निर्णय काकू घेतात.

आता खरं सांगायचं तर इथली थंडी सकाळच्या दुसऱ्या चहापर्यंतची. दुपारी फेब्रुवारीतसुद्धा सावली शोधावी लागते. पण सर कोटाचं वरचं बटण सोडत नाहीत. कपाळावरचा घाम पुसत, ‘थंडी कुठं जालाली अजून?’ असं वर आपल्यालाच विचारतात.

अडचण अशी की थंडीला निरोप द्यायचे मुहूर्त दोन. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते, हा एक पक्ष. आमच्याकडची तेलुगू बोलणारी मंडळीही याच पक्षाची. होळी जळाली, थंडी पळाली, हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये पंधरवडा. सर आधी शिवरात्रीच्या बाजूने होते. 2014 साली 27 फेब्रुवारीला शिवरात्र झाली. सरांनी कोट झटकला, खिशातलं बसचं तिकीट काढलं, बाह्यांत वर्तमानपत्र कोंबलं, डांबरगोळ्या टाकून लोखंडी पेटीला कुलूप लावलं. आणि मार्चमध्ये मराठवाड्यावर गारा कोसळल्या. शेतकऱ्यांचा गहू-हरभरा आडवा झाला, त्याला हसण्यासारखं काही नाही. सरांचं फक्त नाक वाहत होतं. काकूंनी किल्ली पुढं केली, तर म्हणाले, ‘एकदा पेटी बंद झाली म्हणजे झाली.’ सफारीवर काकूंची शाल घेऊन बसले, पण कुलूप काढलं नाही.

तेव्हापासून सर होळीवाले झाले. त्याची किंमत 2024 ला मोजावी लागली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. ती तूट भरायला आदल्या वर्षी अधिक श्रावण येऊन गेलेला. त्यामुळे सगळे सण पुढं ढकलले गेले आणि होळी आली थेट 24 मार्चला. शिवरात्रसुद्धा 8 मार्चला होती, पण पक्ष बदलून दहा वर्षं झालेली. माघार कशी घेणार? भर मार्चमध्ये लोकरी कोटातले सर बसस्टँडवर दिसले की उसाचा रसवाला न विचारता जास्त बर्फ घालायचा. काकू म्हणायच्या, ‘अहो, पाठ बघा की, भिजलीय नुसती.’ सर म्हणायचे, ‘दव आहे.’

जपानात 1 जून आणि 1 ऑक्टोबर या ठरल्या तारखांना शाळांचे गणवेश बदलतात, हे कुठंसं वाचल्यापासून तर ते फारच चढलेत. कलेक्टरनं असा आदेश काढावा, असं त्यांचं म्हणणं आहे. अर्ज लिहून तयार आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे, कारण तिथं होळी लिहायची की तारीख, यावर त्यांचं स्वतःशीच जमेना.

सफारी चढला की मात्र माणूस बदलतो. पोटाशी एक बटण लागत नाही, तिथं पेन अडकवून वेळ निभावतात; पण चाल वसंतातली. पंचांगात चैत्र-वैशाख हाच वसंत लिहिलाय, तेव्हा पारा 42 वर असला तरी सरांच्या लेखी तो बहराचा काळ. बाकीचं गाव ओलं उपरणं डोक्यावर टाकून फिरत असतं.

परवा मदनूरला, म्हणजे हद्दीपलीकडे तेलंगणात, नात्यातलं लग्न होतं. वैशाखातली दुपार, आणि नवरदेव थ्री-पीसमध्ये. सरांना ते बघवेना. ‘लोकरीचा कोट? आत्ता? याला कुणी होळी झाल्याचं सांगितलं नाही का?’ कुणीतरी चाचरत विचारलं, ‘सर, तुम्हाला नाही का उकडत?’

‘वसंत आहे,’ सर म्हणाले. मग मंडपातला एकुलता एक कूलर त्यांनी नवरदेवाच्या बाजूला वळवायला लावला, आणि स्वतःची खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेऊन टाकली.