ही पीएक्स-१० नव्हे!

फ्रान्समधल्या गावोगावी रविवारी सकाळी जुना बाजार भरतो. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर बिनकानांचे कप, टवके उडालेल्या सुरया, आजीचं शिवणयंत्र आणि मागच्या भिंतीला टेकवलेली एखादी सायकल. गर्दी कपांपाशी असते. सायकलीपाशी एकच गृहस्थ असतो आणि तो सायकलीसमोर उभा नसतो, तिच्या खाली असतो. गुडघे टेकलेले, गाल जवळजवळ मातीला लागलेला, हातात टॉर्च. जुन्या फ्रेंच रेसिंग सायकलींच्या या जाणकाराला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची चावी हरवली असावी.

हरवलेलं काही नसतं. तो पायडलांच्या मधल्या बॉटम ब्रॅकेटचा तळ वाचत असतो. चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस आणि चिखल यांच्या थराखाली कुठेतरी एक नंबर ठोकलेला असतो, आणि तो वाचल्याशिवाय या गृहस्थाला घरचं जेवण गोड लागत नाही. खिशातून जुना टूथब्रश निघतो. दुसऱ्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर. तिसऱ्यात चुंबक असतो, कारण रिम पोलादी की अ‍ॅल्युमिनियमची, हे डोळ्यांना कळलेलं असलं तरी चुंबकाकडून वदवून घेण्यात वेगळी मजा आहे.

तेवढ्यात विक्रेता येतो आणि आजोबांची गोष्ट सुरू करतो. सायकल आजोबांची असते आणि आजोबा हमखास तूर द फ्रान्समध्ये धावलेले असतात. जुन्या बाजारातल्या सगळ्या आजोबांवर विश्वास ठेवायचा, तर त्या काळी रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला कुणी उरलंच नसणार. जाणकार मान डोलावतो. माणसांची साक्ष तो ऐकून घेतो, नोंदवून घेत नाही.

विक्रेत्याच्या मनात एकच नाव असतं: प्यूजो पीएक्स-१०. प्यूजोचा सिंह आपल्याकडेही येऊन गेला. १९९०च्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून निघालेली ३०९ मोटार काहींना आठवत असेल. फ्रान्समध्ये हा सिंह आधी करवतीच्या पात्यावर होता, मग मिरपूड दळायच्या यंत्रावर आला आणि १८८२पासून सायकलीवर. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पट्ट्याची प्यूजोची जर्सी घालून तरुण एदी मेर्क्सने १९६६ आणि १९६७ साली मिलान-सान रेमो ही शर्यत मारली, बेर्नार तेव्हनेने १९७५ आणि १९७७चा तूर. पीएक्स-१० ही त्या घराण्याची रेसिंग सायकल: पांढरी फ्रेम, सांध्यांवर नर्व्हेक्सचे नक्षीदार लग, त्यांना काळा रंग आणि रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या इंग्लिश पोलादाच्या नळ्या. त्याच सिंहाखाली साध्या पोलादाची भावंडंही ढिगाने निघाली. त्यातली यूओ-८ तर १९७०च्या आसपास अमेरिकेत सायकलींचं वेड पसरलं तेव्हा समुद्रापार जाऊन घराघरांत पोचली. दहा पावलांवरून ही भावंडं सारखी दिसतात, आणि विक्रेता सायकल नेहमी दहा पावलांवरूनच पाहतो.

निकाल लागतो तो सीटखाली. फ्रेंच फ्रेमची उभी नळी बाहेरून २८ मिलिमीटर, महागातल्या सायकलीची तेवढीच आणि स्वस्तातलीचीही तेवढीच. फरक आत असतो. ५३१ची नळी पातळ, म्हणून तिच्यात २६.४ मिलिमीटरचा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बसतो. साध्या पोलादाची नळी जाड, तिच्यात जेमतेम २४चा. म्हणजे स्टिकर कुठलंही असो, खरंखोटं भोकाच्या मापात. अडचण एवढीच की सीटपोस्ट तीस वर्षांत हललेला नसतो. जाणकार बोल्ट सैल करतो, तेलाचे थेंब सोडतो, पुढचं चाक गुडघ्यांत धरतो आणि सीट डावी-उजवी पिळू लागतो. विक्रेता मागून हँडल धरतो. करकरत सीटपोस्ट निघतो. कॅलिपर लागतो. जाणकार एकदा वाचतो, कॅलिपर नव्वद अंशांत फिरवून पुन्हा वाचतो, आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतो तशा आवाजात म्हणतो, “चोवीस.”

विक्रेत्याला चोवीसचा अर्थ कळत नाही. पण आवाजाचा कळतो.

“पण मस्यू, यावर ५३१ लिहिलंय!”

“स्टिकर विकत मिळतं,” जाणकार म्हणतो. “आणि या क्रँकला कॉटर पिन आहे. पीएक्स-१०ला नसते.”

मॉडेल ठरलं की वयाचा प्रश्न, आणि इथे त्याला खरी रंगत चढते. वय ही निव्वळ हौस नव्हे. इटलीतल्या गायोले इन कियांती गावी १९९७पासून भरणाऱ्या लेरोइकासारख्या फेरीत १९८७च्या आधीचीच रेसिंग सायकल चालते, तेव्हा दोन वर्षं इकडची तिकडे झाली की माणूस फेरीबाहेर. प्यूजोचे नंबर त्याला फारसे मदत करत नाहीत; त्यातून साल आणि मॉडेल सरळ वाचता येईल अशी किल्ली कंपनीने मागे ठेवलेली नाही. मग तो सुट्या भागांना एकेक करून विचारतो. मागे पाच दातेचक्रं आणि चिमट्याच्या टोकांत १२० मिलिमीटरची जागा, म्हणजे बहुधा सत्तरच्या दशकाचा मध्य ओलांडलेला नाही. सहा आणि १२६, म्हणजे त्यानंतरची. दिजाँच्या सिंप्लेक्सचं प्लॅस्टिकचं डिरेलर, म्हणजे साठचं दशक उजाडलेलं आहे. (ते प्लॅस्टिक आता बोटाने दाबलं तरी तडकतं, म्हणून जाणकार त्याच्याकडे बघताना श्वासही जपून सोडतो.) गियरचे दांडे पट्टीने आवळलेले की फ्रेमलाच झाळलेल्या खुंट्यांवर बसवलेले? मायारच्या हबवर बारीक अक्षरात साल ठोकलेलं सापडलं, तर त्याचा रविवार सार्थकी लागला.

पण हब ७४चा, ब्रेक त्याहून जुने, पायडलं त्याहून नवी, आणि हँडल दुसऱ्याच कुठल्या सायकलीचं. पन्नास वर्षांत जे मोडलं ते बदललं गेलं. कारखान्यांनीसुद्धा मागणी उसळली तेव्हा हाताशी आला तो भाग बसवून सायकली धाडल्या, कॅटलॉगात चित्र काहीही असो. एक जाणकार असला तर सायकलीला वय मिळतं. दोन असले की १९७२ की १९७३ यावर जेवणाची वेळ टळते, आणि दोघेही जिंकून घरी जातात.

त्यांचं एकमत फक्त आट्यांबाबत होतं, आणि ते शिव्या घालण्यापुरतं. फ्रेंच बॉटम ब्रॅकेट ३५ मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे. परिणाम असा की पायडल मारता मारता उजवीकडचा कप आपणहून सैल होतो. स्विस मापात तोच व्यास, तोच पिच, पण उजवीकडे डावे आटे. मोटोबेकान या फ्रेंच कंपनीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते वापरले. त्यामुळे मोटोबेकान समोर आली की कप कुठल्या दिशेने उघडतो हे ठरवायला दोन जाणकार आणि एक मीटरभर लांब पाना लागतो. पहिल्या अर्ध्या तासात ते बहुधा कप अधिक आवळत असतात.

मेर्सिए कंपनीची सायकल दिसली की मात्र हा गृहस्थ विरघळतो. रेमाँ पुलिदोर १९६० ते १९७७, अख्खी कारकीर्द मेर्सिएच्या संघात. तूरमध्ये तीनदा दुसरा, पाचदा तिसरा, आणि आघाडीवरच्याची पिवळी जर्सी एक दिवससुद्धा नाही. मेर्सिए कितीही गंजलेली असो, तिच्या सीटपोस्टला तो कॅलिपर लावत नाही. आणि चुकून कधी लव्हालुआ-पेरेच्या रने एर्स किंवा अलेक्स सँजेची हाताने घडवलेली, मडगार्ड-दिव्यांसकट असलेली लांब पल्ल्याची सायकल समोर आलीच, तर त्याचं बोलणंच बंद होतं. ते शहाणपणाचं असतं, कारण तिथे तोंडातून नाव निघालं की किमतीला शून्य चिकटतं.

आजच्या सायकलीला तो धोका नाही. चोवीसची सायकल, साधं पोलाद, १९७४ किंवा जवळपासची. जाणकार गुडघे झाडत उठतो आणि ठेवणीतल्या बेफिकिरीने विचारतो, “नुसते ब्रेक द्याल का? माफाकचे आहेत, क्लेरमाँ-फेराँचे. आणि ती लियोतारची पायडलं?”

विक्रेता सायकलीकडे बघतो. सकाळी तिच्यावर चाळीस युरोची चिठ्ठी होती. एक टॉर्चवाला माणूस तासभर तिच्याखाली लोळलाय, चुंबक लावलाय, माप दोनदा घेतलंय आणि आता म्हणतोय की ही काही विशेष नाही. तो पेन काढतो, चाळीसवर काट मारतो आणि शेजारी एकशेवीस लिहितो.