एक नंबरचा सिलिंडर

मुलुंडच्या सोसायटीत एखाद्याच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं, की ती बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते. गाडी सिग्नलला थरथरते, पिकअप घेत नाही, पुलाच्या चढाला धापा टाकते, एवढं मालकाने सांगायचा अवकाश, निदानं तयार. तळमजल्याच्या मते पेट्रोल भेसळीचं. पहिल्या मजल्याचा राग वीस टक्के इथेनॉलवर. न्यू जर्सीतला भाचा व्हिडिओ कॉलवर सांगतो, "मामा, टाकीचं झाकण घट्ट लाव." तिकडच्या गाड्या टाकीतल्या वाफेची गळतीही तपासतात, त्यामुळे सल्ला तिकडे खरा. पण सैल झाकणाने गाडीला हुडहुडी भरत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत होत्या तेव्हा असा दिवाच नव्हता. मिस्त्री बॉनेट उघडून चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढायचा. वायर काढली आणि आवाज बदलला, तर सिलिंडर जिवंत. काढूनही इंजिनाला काही फरक पडला नाही, तर तोच मेलेला. मिस्त्रीला झटका बसला, तर करंट येतोय हेही त्याच परीक्षेत कळायचं.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ही परीक्षा संगणकाने घेणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ही सक्ती २०१३ मध्ये आली. सक्ती मुळात धुरासाठी. मालकाच्या कमरेला धक्के बसतात याचं त्या दिव्याला सोयरसुतक नाही. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो. एखादा चुकला की क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो, सेन्सर ते टिपतो आणि कोड नोंदवला जातो: पी ०३०१. म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसफायर. सगळेच आळीपाळीने चुकत असतील, तर पी ०३००.

हल्ली हा कोड वाचणारं ब्लूटूथ यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ही खरी आपत्ती. कोड कळताच मालक जिन्यातच इंजिनीयर होतो. पण कोड सांगतो दुखतंय कुठे. का दुखतंय ते नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, पावसाळ्यात आसऱ्याला आलेल्या उंदराने कुरतडलेली वायर, संशयित बरेच.

घाटकोपरचा मेकॅनिक मात्र पहिल्यांदा एवढंच विचारतो, "गॅसवर मिसिंग करते की पेट्रोलवर पण?" सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेली कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. मग तो इंजिन बंद करून, दहाच्या पान्याने बोल्ट सोडून, एक नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची एकवर लावतो. कोड पुसतो आणि पंतनगरात चक्कर मारून येतो. आता कोड पी ०३०२ आला, म्हणजे दुखणं कॉइलबरोबर सरकलं; गुन्हेगार तीच. पी ०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची पाळी. खर्च शून्य. त्याला निदानाचे पैसे द्यायचे म्हटलं की मालकाला मात्र वाटतं, केलं काय याने, दोन वस्तू इकडच्या तिकडे!

दिवा नुसता पेटलेला असेल तर गॅरेजपर्यंत जपून जाता येतं. लुकलुकत असेल तर ईस्टर्न एक्सप्रेसवर हॉर्नचा भडिमार सोसूनही कडेला थांबलेलं बरं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्या भागाची किंमत ऐकून मालक लुकलुकतो.

शेवटी कॉइल आणायला मंडळी कलिन्याच्या सीएसटी रोडवर जातात. तिथे एकाच गाडीच्या एकाच कॉइलचे तीन भाव असतात: 'ओरिजिनल', 'ओरिजिनलच समजा' आणि 'चालेल'. मुलुंडकर मोठ्या आशेने तिसऱ्या डब्याकडे बघतो. मेकॅनिक काही न बोलता पहिला डबा उचलतो आणि दुकानदाराला म्हणतो, "बिल साहेबांच्या नावाने कर."