सज्जनांची गुप्त बोली

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ १९७४ साली आला तेव्हा पात्रांना कायदा, तटस्थता आणि अराजक एवढेच पक्ष होते. खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७८च्या नियमपुस्तकात त्यांचे नऊ केले. शिवाय प्रत्येक पक्षाला स्वतःची गुप्त बोली! पक्षांतर केलं की जुनी बोली बंद, वर एक पातळी खाली. (पक्षांतराने माणूस खाली येतो, यालाच कल्पनारम्य म्हणतात.)

पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, तर त्या नियमांत नऊपैकी कायदेशीर-सज्जन याच पक्षाचा असणं सक्तीचं होतं. साठ फुटांवरून त्याला दुष्टपणा कळायचा, त्यामुळे चौकशीची कटकट नव्हती. गॉब्लिन कापायचा, त्याचे खिसे उलटे करायचे, मिळालेल्या सोन्यावर अनुभवगुण घ्यायचे. दहा टक्के तेवढे धर्मादाय काढून ठेवायचे, नियमच होता तसा.